लेखापरीक्षण तर दरवर्षी होते, मग पुढे काय होते?

बोरीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पारोळा तालुक्यातील एका लहान गावात माझी शेती आणि कृषी सेवा केंद्र आहे. हिशेबाशी संबंध दुकानाच्या वहीपुरता आणि फार पूर्वी केलेल्या बी.कॉम.पुरता. यंदा माहितीच्या अधिकारात आमच्या ग्रामपंचायतीचे लेखापरीक्षण अहवाल मागवले आणि एकापाठोपाठ एक वाचून काढले. त्यातून काही प्रश्न पडले आहेत. येथे लेखा विभागातील, सहकार खात्यातील आणि पंचायतीत काम केलेली बरीच जाणकार मंडळी आहेत, म्हणून हा धागा.

अहवालात फार मोठा घोटाळा आहे असे मुळीच नाही. एलईडी पथदिव्यांच्या खरेदीला तीन दरपत्रके जोडली आहेत. तिन्ही वेगवेगळ्या दुकानांची, परंतु तिन्हींवरील हस्ताक्षर एकच आणि दोहोंवर तारीखच नाही, अशी नोंद लेखापरीक्षकाने केली आहे. पाणी शुद्धीकरणाच्या टीसीएल पावडरीची बिले आहेत, मात्र साठा नोंदवहीत तिची आवकही नाही आणि वापरही नाही. गटारीच्या कामाच्या देयकातून कामगार कल्याण उपकराची 1 टक्का कपात झालेली नाही. स्वउत्पन्नातून महिला व बालकल्याणावर 10 टक्के आणि दिव्यांगांवर 5 टक्के खर्च व्हायला हवा होता, तो अपुरा आहे. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी "खुलासा करण्यात यावा" किंवा "पूर्तता करून दाखवावी" एवढेच वाक्य. पुढील वर्षाचा अहवाल उघडला की पहिल्याच पानावर "मागील शकांची (म्हणजे लेखापरीक्षकाच्या आक्षेपांची) पूर्तता करण्यात आलेली नाही" असे लिहिलेले सापडते आणि त्यानंतर तेच आक्षेप नव्या रकमांसह पुन्हा येतात.

माझे प्रश्न असे, की हे शक शेवटी निकाली कोण काढतो, त्यातला एक रुपया तरी कधी वसूल होतो का, आणि असा अहवाल हातात आल्यावर गावातल्या सामान्य माणसाने नेमके काय करावे. माझे स्वतःचे मत विचाराल, तर लेखापरीक्षण कपाटासाठी होते, गावासाठी होत नाही. हे मत कोणाला पटत नसेल तर त्यांनी ते जरूर खोडून काढावे.

खापरावरचा मांडा

आमच्या गावचा सर्वांत जुना शक येत्या निवडणुकीत मतदान करू शकेल इतका वयात आला आहे. त्याचे नाव मतदार यादीत घालावे का, एवढाच आमच्यासमोर प्रश्न आहे.

अण्णा धुळेकर

माझी सारी नोकरी लेखापरीक्षेत गेली, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे जिल्हा परिषद, पंचायत समिती, ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांचे लेखापरीक्षण 1930 च्या स्थानिक निधी लेखापरीक्षा कायद्याखाली होते. हा विभाग वित्त खात्याचा आहे, ग्रामविकास खात्याचा नाही. खर्च करणारा आणि तपासणारा एकाच साहेबाच्या हाताखाली असू नये, हा त्यामागचा हेतू. नियंत्रक व महालेखापरीक्षकांची यंत्रणा वेगळी. तिला राज्यघटनेच्या 148 ते 151 या कलमांचा आणि 1971 च्या कायद्याचा आधार आहे. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर स्थानिक संस्थांच्या तपासणीला त्या यंत्रणेचे तांत्रिक मार्गदर्शन मिळू लागले, परंतु तुमच्या गावच्या अहवालावर सही असते ती स्थानिक निधी लेखापरीक्षा विभागाचीच.

आता शक जन्माला कसा येतो ते पाहा. तपासणीत प्रथम रोकडवही आणि बँकेचे पासबुक यांचा मेळ घेतात, मग प्रमाणके, म्हणजे खर्चाची बिले-पावत्या, मग बांधकामांची मोजमाप पुस्तिका. शंका आली की लेखापरीक्षक तेथल्या तेथे अर्धसमास पत्र देतो. कागदाच्या एका अर्ध्यात आक्षेप लिहिलेला असतो आणि दुसरा अर्धा कार्यालयाच्या उत्तरासाठी कोरा सोडलेला असतो. त्या कोऱ्या भागात समाधानकारक उत्तर आले आणि कागद दाखवला गेला, तर विषय तेथेच मिटतो. उत्तर आले नाही, किंवा "नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ" असे गुळमुळीत आले, तर तो परिच्छेद होऊन अहवालात जातो. माझ्या अनुभवाने सांगतो, अहवालातील निम्म्याहून अधिक शक त्या आठवड्यात कोणी कपाट उघडून प्रमाणक काढून दिले असते तर जन्मालाच आले नसते.

दुसरी गोष्ट म्हणजे रकमांचा अर्थ. आक्षेपाधीन रक्कम म्हणजे जिच्या खर्चाचा पुरावा किंवा मंजुरी अपुरी आहे ती. पैसा गेला असे त्यातून सिद्ध होत नाही. वसूलपात्र रक्कम म्हणजे जादा दिलेली किंवा कपात न केलेली, तुमच्या त्या 1 टक्का उपकरासारखी. ती कोणाकडून तरी परत यायलाच हवी. अपहार ही तिसरी आणि पूर्णपणे वेगळी बाब. वर्तमानपत्रात "अमुक कोटींचा घोटाळा" म्हणून जी बेरीज छापली जाते, ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची असते, आणि त्यामुळे तिसऱ्या प्रकारची खरी प्रकरणे त्या गर्दीत हरवतात.

आक्षेप निकाली काढण्याचा अधिकार लेखापरीक्षा विभागाचा. ग्रामपंचायतीने अनुपालन, म्हणजे आक्षेपांची लेखी उत्तरे, तयार करायचे, ते पंचायत समितीमार्फत वर जायचे आणि विभागाने ते मान्य किंवा अमान्य करायचे. अवैध खर्च संबंधितांवर बसवण्याची, म्हणजे भार-अधिभाराची, तरतूद कायद्यात आहे. वसुलीची चलने मी पाहिली आहेत. मात्र ज्या वेगाने आक्षेप निघतात त्याच्या जवळपासही वसुली पोहोचत नाही, हे मान्य करावे लागेल.

केळीपान

अण्णा, आपल्या वयाचा आणि अनुभवाचा मान राखून असहमती नोंदवतो. आपण म्हणता तपासणीत पासबुक पाहतात, मोजमाप पुस्तिका पाहतात. पण तपासणारा गावात येतो कुठे? आमच्या रावेर भागात मी लहानपणापासून पाहत आलो आहे की दप्तर पिशवीत भरून तालुक्याला जाते आणि पंचायत समितीच्या सभागृहात एका टेबलावर एका गावाचे, शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गावाचे वर्ष तपासून होते. ज्याने पथदिवा पाहिला नाही, पाण्याची टाकी पाहिली नाही, तो हस्ताक्षरच पाहणार. बोरीकाठचा यांच्या अहवालात दरपत्रकांवरील अक्षर एकच असल्याचे आहे, पण दिवे खांबावर लागले की नाही याबद्दल एक अक्षर नाही. गावाला दिव्यांशी मतलब आहे, दरपत्रकाशी नाही.

अण्णा धुळेकर

केळीपान, हा मुद्दा बिनतोड आहे. मनुष्यबळ इतके तोकडे आहे की प्रत्येक गावी जाऊन खांब मोजणे शक्य होत नाही, आणि तपासणी ही नमुन्यादाखल असते, प्रत्येक प्रमाणकाची नसते. मात्र दरपत्रकाशी गावाला मतलब नाही हे मला पटत नाही. एकाच हस्ताक्षरातील तीन दरपत्रके याचा अर्थ स्पर्धा झालीच नाही. दिवा खांबावर लागला, पण बाजारभावापेक्षा किती महाग लागला हे त्या हस्ताक्षरावरूनच विचारता येते.

भाऊसाहेब_हजर

मी ग्रामसेवक आहे. पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी असे झाले असले तरी गावात सगळे भाऊसाहेबच म्हणतात. येथे आमची बाजू मांडणारा कोणी दिसत नाही, म्हणून लिहितो.

ग्रामपंचायतीचे लेखे ठेवायचे नमुने 1 ते 33 आहेत. घरपट्टीच्या आकारणीचा नमुना 8 लोकांना ठाऊक असतो, कारण त्याच्या उताऱ्यावर कर्ज मिळते. बाकीचे नमुने लेखापरीक्षण जवळ आल्याशिवाय कोणी विचारतही नाही. माझ्याकडे एका गावाची नेमणूक आहे आणि शेजारच्या गावांचा अतिरिक्त कार्यभार आहे. निधी अनेकदा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात खात्यावर पडतो, आणि तो 31 मार्चपूर्वी खर्ची दाखवा, उपयोगिता प्रमाणपत्र पाठवा, असे दूरध्वनी वरून सुरू होतात. अशा वेळी साठा नोंदवही मागे पडते. पावडर आलेली असते, टाकीत पडलेलीही असते, पण नोंद राहते.

तीन दरपत्रकांबद्दल स्पष्टच सांगतो. लहान खरेदीत एकच व्यापारी तिन्ही कागद घेऊन येतो, हे तालुक्यात सर्वांना माहीत आहे. दुसरा दुकानदार दहा-पंधरा दिव्यांसाठी लेखी दर द्यायला तयार होत नाही. हे योग्य आहे असे मी म्हणत नाही. नियम ज्या बाजारपेठेला डोळ्यांसमोर ठेवून लिहिला गेला, ती बाजारपेठ आमच्या आठवडे बाजारात नाही, एवढेच म्हणतो.

आता शक वर्षानुवर्षे का राहतात याचे खरे कारण. ज्याने खर्च केला तो ग्रामसेवक बदलून गेलेला असतो, सरपंच पायउतार झालेला असतो. माझ्या हातात पदभार यादी येते तिच्यात "प्रमाणक फाईल एक" असे लिहिलेले असते, आत काय आहे ते लिहिलेले नसते. आधीच्या माणसाच्या खर्चाचा खुलासा मी काय करणार? मी "तत्कालीन ग्रामसेवकांशी पत्रव्यवहार सुरू आहे" असे उत्तर देतो. ते उत्तर खरे असते, आणि पुढची कित्येक वर्षे खरेच राहते.

खापरावरचा मांडा

भाऊसाहेब, शेवटचे वाक्य फ्रेम करून तालुक्याच्या कार्यालयात लावण्याजोगे आहे.

डेटावाला

एक गोष्ट सुटते आहे. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-22 पासून अनुदानाला अट घातली की स्थानिक संस्थांचे तात्पुरते आणि लेखापरीक्षित, असे दोन्ही हिशेब ऑनलाइन उपलब्ध असले पाहिजेत. त्यामुळे ई-ग्रामस्वराज आणि ऑडिट ऑनलाइन या संकेतस्थळांवर आता बरेच काही घरबसल्या दिसते. आराखड्यात कोणते काम होते, त्यावर किती रक्कम टाकली, बंधित (ठरावीक कामांसाठीच्याच) निधीतून किती आणि अबंधितमधून किती, हे पाहायला माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या 60 टक्के बंधित निधीतून पाणी आणि स्वच्छता सोडून दुसरे काही केले असेल, तर तेही चटकन लक्षात येते.

मात्र अटीचा परिणाम असा झाला की लेखापरीक्षण वेळेवर होऊ लागले, कारण ते झाले नाही तर पैसे अडतात. अनुपालनावर अशी कोणतीही अट नाही, म्हणून ते जिथे होते तिथेच आहे.

गिरणामाई

मी पंचायतीबद्दल नाही, पतसंस्थेबद्दल लिहिणार आहे. विषय तोच आहे असे मला वाटते.

वडील शिक्षक होते. निवृत्तीच्या रकमेचा मोठा भाग त्यांनी गावातल्या एका पतसंस्थेत ठेवला. त्या संस्थेची दिनदर्शिका आमच्या स्वयंपाकघरात लटकत असे आणि तिच्यावर अध्यक्षांच्या छायाचित्राखाली ठळक अक्षरांत "सतत ऑडिट वर्ग अ" असे छापलेले असे. वडिलांनी आयुष्यभर मुलांच्या प्रगतिपुस्तकावर श्रेणी दिल्या. अ वर्गाला ते मानत. संस्था अडचणीत आली आणि ठेवी परत मिळणे बंद झाले, तेव्हाही भिंतीवर त्याच वर्षाची दिनदर्शिका होती. पुढे चौकशीत कळले की कर्जे संचालकांच्या नात्यागोत्यात वाटली होती आणि थकलेली कर्जे नवे कर्ज देऊन नियमित दाखवली जात होती.

ज्या माणसाने त्या अ वर्गावर सही केली, त्याचे काय झाले हे मला आजतागायत समजलेले नाही. येथे कोणी सहकारातले असेल तर सांगावे, तो वर्ग नेमका कशावर देतात?

रोखशिल्लक

गिरणामाई, मी जळगावात सनदी लेखापाल आहे आणि सहकारी संस्थांची तपासणी करतो, त्यामुळे उत्तर देणे भाग आहे.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 81 खाली प्रत्येक संस्थेचे दरवर्षी लेखापरीक्षण होते. पूर्वी हे काम मुख्यतः खात्याच्या लेखापरीक्षकांकडे होते. 97 व्या घटनादुरुस्तीनंतर 2013 मध्ये राज्याचा कायदा बदलला आणि शासनमान्य नामिकेतील (यादीतील) लेखापरीक्षक निवडण्याचा अधिकार संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेकडे आला. ती घटनादुरुस्ती राज्यांतील संस्थांपुरती सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2021 मध्ये रद्द ठरवली, तरी राज्याच्या कायद्यातील ही व्यवस्था चालू राहिली. कागदावर ती लोकशाहीची आहे. प्रत्यक्षात सभेत संचालक एक नाव सुचवतात, हात वर होतात आणि पुढच्या विषयाला सुरुवात होते. ज्याचे दोष काढायचे त्यानेच नेमायचे आणि त्यानेच शुल्क द्यायचे, ही अडचण आमच्या व्यवसायात सर्वत्र आहे.

वर्गवारी गुणांवर ठरते: भांडवल, थकबाकी, तरतुदी, नियमांचे पालन वगैरे. थकबाकीचे आकडेच सजवलेले असतील आणि तपासणाऱ्याने कर्जाच्या फाईली उघडून पाहिल्या नसतील, तर वर्ग अ येऊ शकतो. कलम 82 प्रमाणे अहवाल मिळाल्यापासून तीन महिन्यांत संस्थेने दोष दुरुस्तीचा अहवाल सहकार खात्याच्या निबंधकांना द्यायचा असतो. अपहार आढळला तर लेखापरीक्षकाने विशेष अहवाल देऊन गुन्हा नोंदवणे अपेक्षित आहे. कलम 83 ची चौकशी आणि कलम 88 खाली संचालकांवर जबाबदारी निश्चित करणे, हे त्यापुढचे टप्पे. तुमच्या वडिलांच्या संस्थेत हे टप्पे कुठे थांबले हे जिल्हा उपनिबंधक कार्यालयात लेखी विचारता येते, आणि लेखापरीक्षकाला नामिकेतून काढण्याची शिफारस झाली होती का, हेही त्याच अर्जात विचारा.

एक व्यावहारिक गोष्ट येथे वाचणाऱ्या सर्वांसाठी. बँकेतील ठेवींना 4 फेब्रुवारी 2020 पासून 5 लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि त्यात सहकारी बँकाही येतात. पतसंस्था त्यात येत नाहीत. नावापुढे "सहकारी" आहे म्हणून बँक आणि पतसंस्था एकच समजणारे ठेवीदार मला दर महिन्याला भेटतात.

केळीपान

मग अण्णांचा सरकारी लेखापरीक्षक बरा की तुमचा नेमलेला?

रोखशिल्लक

सरकारी माणूस संस्थेच्या पैशावर अवलंबून नसतो, हे त्याचे बळ. त्याच्याकडे वेळ नसतो, हे दुबळेपण. माझे उलट. माझ्या मते नेमणूक निबंधकांनी चिठ्ठी टाकून करावी आणि शुल्क संस्थेने निबंधकांकडे भरावे. याला आमच्या व्यवसायातील अनेकांचा विरोध आहे, तो विरोध का आहे ते सुज्ञांस सांगणे न लगे.

चोपडेकर मास्तर

चर्चा पूर्तता आणि परिच्छेद यांत अडकली आहे, तेव्हा खान्देशातील मोठ्या प्रकरणांकडेही पाहावे. धुळे जिल्हा परिषदेतील एका रोखपालाचे अपहार प्रकरण 1990 च्या सुमारास उघडकीस आले, तेव्हा नंदुरबारही धुळे जिल्ह्यातच होते. त्या वेळी लेखापरीक्षणाचा कायदा साठ वर्षांचा झालेला होता. जळगावच्या घरकुल प्रकरणात 2006 मध्ये तत्कालीन आयुक्तांनी फिर्याद दिली आणि धुळ्याच्या विशेष न्यायालयाने 31 ऑगस्ट 2019 रोजी 48 जणांना दोषी ठरवले. अपिले उच्च न्यायालयात गेली. फिर्याद ते निकाल तेरा वर्षे. घरांच्या योजनेला सुरुवात झाली होती ती त्याहूनही पूर्वी, जळगावात महानगरपालिका होण्याच्याही आधी.

आणि मे 2025 मध्ये धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात काय सापडले ते आठवा. विधिमंडळाची अंदाज समिती, म्हणजे शासनाच्या खर्चावर देखरेख ठेवणारी समिती, दौऱ्यावर असताना एका खोलीत 1 कोटी 84 लाखांहून अधिक रोख रक्कम मिळाली. ती कोणाची, कशासाठी, हे तपास यंत्रणेने ठरवावे. मला एवढेच विचारायचे आहे, की तपासणाऱ्यांना तपासणारा कोण?

खापरावरचा मांडा

मास्तर, त्या खोलीत रोख शिल्लक आणि रोकडवही यांचा मेळ घेतला होता का?

संपादक मंडळ

सदस्यांना विनंती, की न्यायप्रविष्ट प्रकरणांत व्यक्तींची नावे घेऊ नयेत आणि निष्कर्ष काढू नयेत. मूळ विषय संस्थांच्या आर्थिक उत्तरदायित्वाचा आहे, त्यावर यावे. दोन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

अण्णा धुळेकर

मास्तरांच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. जिल्हा परिषदांच्या लेखापरीक्षेतील आक्षेप विधिमंडळाच्या पंचायत राज समितीपुढे जातात. ही समिती जिल्ह्यात येणार म्हटले की जिल्हा परिषदेत रजा बंद होतात, रात्री दिवे जळतात आणि जे अनुपालन वर्षानुवर्षे झाले नाही ते पंधरा दिवसांत तयार होते. म्हणजे काम अशक्य नसते. विचारणारा समोर बसलेला असावा लागतो.

याला जोडून एक बाब. महानगरपालिकेत मुख्य लेखापरीक्षक आपला अहवाल स्थायी समितीला देतो, कारण ती लोकांनी निवडलेल्या सदस्यांची समिती आहे. मार्च 2022 मध्ये जळगाव जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आला. 2023 मध्ये जळगाव आणि धुळे महानगरपालिकांचेही तसेच झाले. त्या काळात खर्च मंजूर करणारा, आक्षेपाला उत्तर देणारा आणि ते उत्तर सभागृह म्हणून स्वीकारणारा अधिकारी एकच होता. यात कोणा व्यक्तीचा दोष नाही, परंतु ज्या रचनेवर सारे लेखापरीक्षण उभे आहे तिचा एक खांब त्या वर्षांत नव्हता.

नर्मदेपार

मी धडगाव तालुक्यात काम करते. आमच्याकडचे चित्र थोडे वेगळे आहे, म्हणून लिहिते.

अनुसूचित क्षेत्रातील गावांना 2015 पासून आदिवासी उपयोजनेतील 5 टक्के निधी थेट मिळतो आणि पेसा (अनुसूचित क्षेत्रांतील पंचायतींच्या कायद्याच्या) नियमांप्रमाणे ग्रामसभेचा स्वतंत्र कोष असतो. आरंभी हा निधीही इतर निधीसारखाच ग्रामपंचायतीच्या कार्यालयातून खर्च व्हायचा आणि पाड्यांना पत्ता नसायचा. आमच्या एका पाड्यावर तरुणांनी असे ठरवले, की ग्रामसभेत प्रथम बँकेचे पासबुक वाचायचे. अहवाल नाही, प्रमाणक नाही, फक्त पासबुक: कोणत्या तारखेला किती आले, कोणाच्या नावाने किती गेले. वाचणारी मुलगी बारावी झालेली आहे. ती मराठीतील नोंद वाचते आणि लगेच पावरी बोलीत सांगते. पहिल्या वाचनातच एका म्हातारीने विचारले, की अंगणवाडीच्या भांड्यांचे पैसे गेले तर भांडी कोणत्या अंगणवाडीत आहेत, कारण ती रोज नातवाला सोडायला जाते आणि तिथे जुनीच भांडी आहेत. पुढच्या बैठकीला भांडी आली. ती आधीच घेतलेली होती की नंतर घेतली, यात आम्ही शिरलो नाही.

केळीपान यांनी म्हटले की लेखापरीक्षक खांब पाहायला येत नाही. त्याने यावेच, पण खांब रोज पाहणारी माणसे गावातच असतात. रोजगार हमीच्या 2005 च्या केंद्रीय कायद्यात कलम 17 ने सामाजिक अंकेक्षणाचा, म्हणजे लोकांनीच कामे आणि हिशेब तपासण्याचा, अधिकार ग्रामसभेला दिला तो याच विचाराने. आमच्या भागात अनेक ठिकाणी ते अंकेक्षणही चहा आणि सह्यांवर उरकले गेले, हेही सांगितले पाहिजे.

गिरणामाई

नर्मदेपार, वाचून बरे वाटले, पण मला शंका आहे. तुमच्या पाड्यावर सगळे एकमेकांना ओळखतात. आमच्या पतसंस्थेच्या वार्षिक सभेला हजारो सभासद असायला हवेत, येतात पन्नास, आणि अहवाल "वाचला असे समजून" मंजूर होतो. त्या पन्नासांत प्रश्न विचारणाऱ्या माणसाला "आप्पा, बसा आता, जेवण थंड होते आहे" असे सांगून बसवले जाते. वडिलांच्या बाबतीत हे घडलेले आहे.

भाऊसाहेब_हजर

ग्रामसभेतही गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे आठवड्याने सही करायला येतील तेवढ्या माणसांत सारे मंजूर होते. लोकच येत नाहीत, मग आम्ही अहवाल कोणाला वाचून दाखवायचा?

बोरीकाठचा

सर्वांचे आभार. अण्णा, भाऊसाहेब आणि नर्मदेपार यांच्या प्रतिसादांतून माझ्या तीनपैकी दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली. तिसरा उरतो: कागद हातात आहे, आता करायचे काय? आमच्या ग्रामसभेत मी हा विषय काढला तेव्हा "लेखापरीक्षण अहवाल हा कार्यालयीन दस्तऐवज आहे, तो सभेत वाचायचा नसतो" असे उत्तर मिळाले. हे बरोबर आहे का?

अण्णा धुळेकर

साफ चूक. ग्रामपंचायत अधिनियम 1958 चे कलम 8 काढा. प्रत्येक आर्थिक वर्षातील पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक हिशेबाचे विवरण, मागील वर्षाचा प्रशासन अहवाल, चालू वर्षाच्या कामांचा कार्यक्रम आणि शेवटचे लेखापरीक्षण टिपण त्यावरील उत्तरांसह ठेवावे लागते. "उत्तरांसह" हे महत्त्वाचे आहे. नुसता अहवाल मागू नका, त्याचे अनुपालन मागा. अनुपालन पाठवलेच नसेल तर तसे इतिवृत्तात नोंदवून घ्या. पुढे कोणी चौकशी केली तर तो कागद उपयोगी पडतो.

भाऊसाहेब_हजर

अण्णांचे बरोबर आहे, कलम 8 मध्ये तसेच आहे. माझी सूचना अशी, की आयत्या वेळी उभे राहून मागणी करू नका. सूचना निघण्यापूर्वी सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या नावे लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि विषयपत्रिकेत "मागील लेखापरीक्षण टिपण व त्यावरील अनुपालनाचे वाचन" असा विषय घालण्याची विनंती करा. पत्र असले की ग्रामसेवकालाही सोयीचे जाते. सरपंचांना दाखवायला हाती काही तरी असते. सगळे शक एका सभेत काढू नका. वसूलपात्र रक्कम कोणत्या परिच्छेदात आहे तेवढी पाहा, कारण तिच्यावर चलन हेच एक उत्तर असते. तुमचा 1 टक्का उपकराचा शक त्यातला आहे. टीसीएल पावडरीसाठी आरोग्य उपकेंद्राकडील पाणी तपासणीच्या नोंदी मागा. पावडर टाकली की नाही ते तेथे कळेल.

रोखशिल्लक

पंचायत समितीकडून अनुपालनाची प्रत मागायची असेल तर अर्ज असा नको, की "सर्व वर्षांचे सर्व कागद द्यावेत". राज्याच्या नियमांत अर्ज एका विषयाचा आणि 150 शब्दांचा असावा लागतो. वर्ष लिहा, परिच्छेद क्रमांक लिहा आणि "सदर परिच्छेदाच्या अनुपालनाची जावक क्रमांकासह प्रत" एवढेच मागा. 10 रुपयांचा अर्ज, 2 रुपये पान. जिल्हा परिषदेतील मूळ नस्ती पाहायची असेल तर शासनाच्या नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत अभिलेख पाहता येतात. ते परिपत्रक छापून सोबत न्या.

बोरीकाठचा

पत्राचा मसुदा केला आहे. "वसुलीस पात्र रक्कम कोणाकडून व केव्हा वसूल झाली, चलन क्रमांक व दिनांकासह" असे वाक्य घातले आहे. चालेल ना?

भाऊसाहेब_हजर

चालेल. फक्त "झाली" च्या जागी "झाली किंवा नाही" असे करा, नाही तर उत्तर येईल की माहिती उपलब्ध नाही.